गाठ आणि तिची छाया : स्तनचित्रणातील सौम्य बदल

(शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे बेला, जैनथ ही तेलंगणातील मंडले. पलीकडे यवतमाळ जिल्हा. दोन्ही काठांवर काळी जमीन, दोन्ही काठांवर कापूस आणि दोन्ही काठांवर मराठी. १९५६ साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ मध्ये ते तेलंगणात आले आणि २०१६ मध्ये मूळ जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा पुनःपुन्हा हलल्या, तरी घराघरांतील बोलणे तेच राहिले. मराठी घरात जिला ‘गाठ’ म्हणतात, तिला तेलुगू शेजारीण ‘गड्ड’ म्हणते आणि उर्दू बोलणारी ‘गिल्टी’. शब्द तीन आहेत. त्यांच्यामागची भीती मात्र एकच आहे.

कापूस वेचणीच्या ऐन हंगामात अशाच एखाद्या घरातील चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या हाताला, अंघोळ करताना, छातीत गाठ लागली असे समजावे. प्रथम ती कोणालाच काही सांगत नाही. पंधरा दिवसांनी धाकट्या जावेजवळ विषय काढते. जाऊ म्हणते, “जाऊबाई, दुखत नाही ना? मग राहू द्या. वेचणी आटोपली की बघू.” हे बोलणे मायेचे आहे, पण त्यात दोन घातक चुका आहेत. पहिली चूक अशी, की न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते हा समज खरा नाही. कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही आणि पाळीच्या आधी दुखणाऱ्या, ठणकणाऱ्या गाठी पुष्कळदा सौम्य असतात. दुसरी चूक विलंबाची. त्या विलंबाच्या मुळाशी आळस नसतो. गाठ म्हणजे कर्करोग, कर्करोग म्हणजे मरण, आणि मरणाची बातमी जितकी उशिरा कळेल तितकी बरी, असे त्या घरातील मनाचे गणित असते.

या गणितातील पहिलीच पायरी चुकीची आहे. स्त्रीच्या स्तनात आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि वय जितके कमी तितके हे प्रमाण अधिक असते. त्यांतील कित्येकींची ओळख क्ष-किरणांच्या फोटोवरच निश्चित पटू शकते. या सौम्य गाठींची आणि खुणांची ओळख करून देणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ज्या बाईला ठाऊक असते की तपासणीच्या शेवटी बहुतेक वेळा सुटकेचाच शब्द ऐकू येतो, ती तपासणीला लवकर जाते. आणि जी थोडी प्रकरणे खरोखर गंभीर असतात, ती त्याच लवकर जाण्यामुळे वाचतात.

रोग की स्थित्यंतर?

स्तन हा शरीरातील सतत बदलणारा अवयव आहे. वयात येताना त्याची वाढ होते, दर महिन्याच्या पाळीबरोबर तो थोडा फुगतो आणि ओसरतो, गरोदरपणी दुधाच्या ग्रंथी भरतात, अंगावर पाजणे थांबले की आटतात, आणि पाळी जाण्याच्या सुमारास ग्रंथींची जागा हळूहळू मेद घेतो. इतक्या घडामोडींत कोठे एखादी ग्रंथी अधिक वाढते, कोठे नळीचे तोंड बंद होऊन पाणी साचते, कोठे तंतूंची जाळी दाट होते. इंग्लंडमधील शल्यवैद्य सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ सालीच आपल्या ग्रंथात अशा पाण्याच्या गाठींचे वर्णन केले होते. पुढे दीर्घकाळ या सर्व बदलांना एकत्रितपणे ‘फायब्रोसिस्टिक डिसीज’ म्हणण्याची प्रथा पडली. ज्या अवस्था असंख्य निरोगी स्त्रियांत आढळतात त्यांना रोग का म्हणावे, असा प्रश्न अमेरिकेतील शल्यवैद्य सुसान लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये विचारला. १९८७ मध्ये ब्रिटनमधील कार्डिफ येथील एल. ई. ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बदलांना ‘सामान्य वाढीतील आणि ऱ्हासातील किंचित वाकडी वळणे’ या अर्थाचे नवे नाव सुचविले. नावातील हा बदल लहान वाटेल. परंतु ‘रोग’ हा शब्द कागदावरून गेला की रुग्णाच्या मनावरचे मोठे ओझे उतरते.

फोटो कसा तयार होतो

१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. १९१३ मध्ये बर्लिनचे शल्यवैद्य आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे क्ष-किरण फोटो घेऊन त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या मध्यास उरुग्वेतील राऊल लेबोर्न यांनी स्तन हलकेच दाबून फोटो घेतला तर तो अधिक स्पष्ट येतो हे दाखविले आणि चुन्याच्या बारीक कणांचे महत्त्व सांगितले. १९६० मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यांनी सर्वत्र वापरता येईल अशी पद्धत बसविली, आणि त्याच दशकात फ्रान्समधील स्ट्रासबूर्गच्या शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नाने केवळ या कामासाठीचे यंत्र तयार झाले. आज या तपासणीला सर्वत्र ‘मॅमोग्राफी’ म्हणतात.

तपासणीत प्रत्येक बाजूचे दोन फोटो घेतात. एक वरून खाली, दुसरा तिरपा, काखेपर्यंतचा भाग येईल असा. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबला जातो. ते थोडे त्रासदायक असते, पण दाबल्यामुळे एकावर एक पडलेले थर वेगळे होतात आणि किरणांची मात्राही कमी लागते. पाळी येणाऱ्या स्त्रीने पाळीनंतरच्या आठवड्यात गेल्यास हा त्रास कमी होतो. तपासणीस जाताना काखेत किंवा छातीला पावडर लावू नये, कारण पावडरीचे कण फोटोत चुन्याच्या कणांसारखे पांढरे दिसतात आणि नसलेली शंका निर्माण होते.

फोटोत मेद काळसर दिसतो; ग्रंथी, तंतू आणि पाणी ही पांढरी दिसतात; चुना सर्वांत पांढरा. कर्करोगही पांढराच दिसतो, आणि सारी अडचण येथे आहे. तरुण स्त्रीच्या स्तनात ग्रंथी दाट असतात. त्यांच्या पांढऱ्या पडद्याआड पांढरी गाठ लपून राहते. म्हणून अहवालात दाटपणाच्या चार श्रेणी लिहिण्याची रीत आहे, आणि म्हणूनच तरुण वयात आधी सोनोग्राफी करतात. दाटपणा हा आजार नव्हे. मात्र तो फोटो वाचणे अवघड करतो, आणि अतिशय दाट स्तनांत कर्करोगाची शक्यताही थोडी अधिक असते, एवढे लक्षात ठेवावे.

गोल छाया

सौम्य छायांचा पहिला गुण म्हणजे त्यांची कड. गाठ गोल किंवा लांबट गोल, कड रेखीव, भोवतालच्या भागाला बाजूला सारणारी पण त्यात न घुसणारी, असे चित्र दिलासा देणारे असते. काही वेळा तिच्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखी बारीक काळी रेषा दिसते. पूर्वी या खळ्याला फार महत्त्व देत. आता केवळ तेवढ्यावर कोणी निर्णय करीत नाहीत.

पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, ही पाळी जाण्यापूर्वीच्या दहा-पंधरा वर्षांत विशेष आढळते. फोटोत ती रेखीव पांढरी दिसते, पण आत पाणी आहे की मांस हे फोटो सांगू शकत नाही. ते सोनोग्राफी सांगते. तेथे पाणी पूर्ण काळे दिसते. दुखणारी असेल तर सुईने पाणी काढले की गाठ बसते.

‘फायब्रोॲडेनोमा’ ही तरुण मुलींत सर्वाधिक आढळणारी गाठ. बोटाखाली ती निसटते, आणि लग्नाच्या वयाची मुलगी असली की घरात भीतीबरोबर लज्जेचाही प्रश्न उभा राहतो. ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि साध्या फायब्रोॲडेनोमामुळे कर्करोगाची शक्यता लक्षणीय वाढत नाही. पाळी गेल्यावर ती आटते आणि तिच्यात चुना साचतो. तो मक्याच्या लाह्यांसारखा ओबडधोबड, ठळक दिसतो. असे चित्र दिसल्यावर अनुभवी वाचकाला पुढे काही करावे लागत नाही.

ज्या गाठीत मेद दिसतो ती जवळजवळ नेहमीच सौम्य असते. चरबीची गाठ फोटोत संपूर्ण काळी, पातळ आवरणाची दिसते. अंगावर पाजणाऱ्या किंवा नुकतेच पाजणे थांबविलेल्या बाईच्या दुधाच्या गाठीतही मेद असतो. हॅमार्टोमा नावाच्या गाठीत मेद आणि ग्रंथी दोन्ही असतात, त्यामुळे स्तनातच लहानसा स्तन असावा असे चित्र दिसते. काखेकडील वरच्या भागात लहान, घेवड्याच्या दाण्यासारखी, मध्ये काळी खाच असलेली छाया दिसली तर ती बहुधा तेथली नेहमीची लसिकाग्रंथी असते.

चुन्याचे कण

अहवालात ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द वाचून अनेक घरांत धास्ती पसरते. या चुन्याचा जेवणातील कॅल्शियमशी किंवा पानाच्या चुन्याशी काहीही संबंध नाही. पेशी झिजतात, द्रव साचतो, जखम भरते, तेथे तो जमा होतो. आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. महत्त्व असते ते त्याच्या आकाराला आणि मांडणीला.

वय वाढलेल्या स्त्रीच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना बसला की आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर रेषा दिसतात. दुधाच्या नळ्या रुंदावल्या असतील तर त्यांत जाड, गुळगुळीत काड्यांसारखे कण दिसतात. त्यांची दिशा बोंडाकडे असते. त्वचेतील कण गोल असून मध्ये पोकळ दिसतात. बारीक सिस्टमध्ये चुना गाळासारखा तळाशी बसतो. वरून घेतलेल्या फोटोत तो धूसर ठिपका दिसतो, पण बाजूने घेतलेल्या फोटोत कपाच्या तळाशी राहिलेल्या चहासारखी चंद्रकोर दिसते. ही सर्व सौम्यतेची लक्षणे होत. याउलट फार बारीक, वेडेवाकडे, एकाच ठिकाणी दाटलेले किंवा नळीच्या मार्गाने रेषेत पसरलेले कण शंकेला जागा देतात. त्यांची सुईने तपासणी करावी लागते.

फसवी चित्रे

येथवरचे वर्णन ऐकून हे वाचन सोपे आहे असे कोणास वाटू नये. काही सौम्य अवस्था हुबेहूब कर्करोगाचा वेष घेतात. शेतीच्या घरात गुराचे शिंग लागते, जडशीळ वस्तू छातीवर आदळते, पडल्यावर मार बसतो. त्या मारामुळे आतला मेद मरतो. पुढे कधी त्याचा अंड्याच्या कवचासारख्या चुन्याच्या कडेचा स्वच्छ गोळा होतो, आणि तो ओळखणे सोपे असते. पण कधी तेथे काटेरी, आकसलेला व्रण तयार होतो आणि तो कर्करोगापासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून जुना मार आठवत असेल तर तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. मात्र मार लागला होता म्हणून गाठ मारामुळेच आली, असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये. मार लागल्यामुळे हात तेथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते, असेही घडते. ‘रेडियल स्कार’ नावाची ताऱ्यासारखी छाया अशीच फसवी असते. स्तनातील क्षयरोग आणि दीर्घकाळचा दाह हेही भारतात विसरून चालत नाहीत. त्यांचेही चित्र कित्येकदा कर्करोगासारखे दिसते.

उलटही घडते. काही कर्करोग गोल आणि रेखीव असतात. ‘फायलोड्स’ नावाची गाठ प्रारंभी फायब्रोॲडेनोमासारखीच दिसते, पण झपाट्याने वाढते. म्हणून हाताने केलेली तपासणी, फोटो वा सोनोग्राफी, आणि आवश्यक तेथे सुईने काढलेला तुकडा, या तिघांची साक्ष जुळली तरच निर्णय द्यावा अशी वैद्यकाची शिस्त आहे. हाताला स्पष्ट गाठ लागत असताना फोटो स्वच्छ आला, तर फोटोवर विसंबून घरी बसू नये.

अहवालातील आकडा

अमेरिकेच्या रेडिऑलॉजी महाविद्यालयाने १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘बाय-रॅड्स’ नावाची श्रेणीपद्धत आणली. भारतातही अहवालाच्या शेवटी बहुधा तिचाच आकडा असतो. शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. एक म्हणजे काही आढळले नाही. दोन म्हणजे बदल आहे, पण तो निश्चित सौम्य आहे. वर वर्णिलेल्या लाह्या, रूळ, चरबीच्या गाठी या येथे येतात. तीन म्हणजे बहुधा सौम्य. कर्करोगाची शक्यता शेकडा दोनहून अधिक नाही. चार आणि पाच म्हणजे सुईची तपासणी हवी. सहा म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे. पुष्कळांना वाटते तसा हा आकडा रोगाच्या टप्प्याचा नसतो. ‘तीन’ पाहून तिसऱ्या टप्प्याचा कर्करोग झाला असे समजून रडणारी घरे आहेत. त्यांच्यासाठी हे वाक्य पुन्हा सांगणे आवश्यक आहे.

तिसऱ्या श्रेणीतील बाईला सामान्यतः सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात आणि दोन-तीन वर्षे लक्ष ठेवतात. अमेरिकेतील एडवर्ड सिकल्स यांनी १९९१ मध्ये अशा ३,१८४ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कर्करोग निघाले केवळ १७. म्हणजे हजारो स्त्रियांवरील सुई आणि सुरी टाळता आली. मात्र ती टळली याचे कारण त्या स्त्रिया पुन्हा तपासणीस गेल्या हे होते. ‘सौम्य’ म्हटल्यावर पुढची तारीख विसरली, तर या पद्धतीचा आधारच निघून जातो.

ज्यांचा तुकडा काढून तपासला आणि तो सौम्य निघाला, त्यांचे पुढे काय? १९८५ मध्ये ड्यूपाँट आणि पेज यांनी दाखविले की अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांना पुढे कर्करोगाचा अधिक धोका नसतो. ज्यांच्या तुकड्यात पेशींची विचित्र वाढ, म्हणजे ‘एटिपिया’, आढळते अशा थोड्या स्त्रियांचा धोका मात्र कित्येक पट वाढतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालील अहवालाचा कागद सांभाळून ठेवावा आणि त्यातील हा एक शब्द डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

आदिलाबादच्या बाईने काय करावे

आदिलाबाद शहरात २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘रिम्स’, आहे. कर्करोगाच्या विशेष उपचारासाठी हैदराबादची मेहदी नवाज जंग संस्था सुमारे ३०० किलोमीटरवर आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय सुमारे २०० किलोमीटरवर. उटनूर किंवा नारनूरच्या डोंगरातील गोंड, कोलाम बाईला तर त्याआधी जिल्ह्याच्या गावापर्यंत येण्याचाच प्रवास असतो. मजुरीचे दिवस बुडतात, सोबतीला माणूस लागतो. अशा ठिकाणी प्रत्येकीचा फोटो काढा असे सांगणे सोपे, पण निरर्थक आहे.

येथे मुंबईतील एक अनुभव उपयोगी पडतो. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, केवळ हाताने, चार वेळा केली. फोटो काढला नाही. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या स्त्रियांत कर्करोग अलीकडच्या टप्प्यात सापडला. मृत्यूंतील एकूण घट १५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरेल इतकी नव्हती. पण पन्नाशीपुढील स्त्रियांत ती जवळजवळ ३० टक्के होती. यंत्र दूर असले तरी शिकलेला हात गावात असू शकतो, हा त्याचा अर्थ. २०१६ मध्ये केंद्र सरकारने आखून दिलेल्या कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची अशी हाताची तपासणी पाच वर्षांतून एकदा करण्याची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती दारी येऊन विचारते तेव्हा लाजेने “काही नाही” म्हणून तिला परत पाठवू नये.

आणि ज्या बाईचा फोटो एकदा काढला गेला, तिने तो जपावा. आज तो फिल्मवर असेल वा सीडीवर असेल. अहवालासह कपाटात ठेवावा आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावा. सौम्यतेचा एक सबळ पुरावा म्हणजे काळ. तीच छाया दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फोटोतही तेवढीच आणि तशीच होती असे दिसले, तर पुष्कळ शंका जागीच मिटतात. जुना फोटो हरवला असेल तर नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून आरंभ करावा लागतो, आणि बाईला पुन्हा सुई, पुन्हा प्रवास, पुन्हा तीच धास्ती.

जुने कागद जपणे आणि नव्याशी ताडून पाहणे याचे मोल शंभर वर्षांच्या ग्रंथालयाला वेगळे सांगावे लागत नाही. ग्रंथालयाच्या सभासद भगिनींनी एवढे करावे : व्याख्यानातील या गोष्टी आपल्या घरातील सुनेला, लेकीला, शेजारणीला, शेतावर वेचणीला येणाऱ्या बाईला तिच्या भाषेत सांगाव्यात. आणि पुढच्या वेळी कोणी जाऊ दबल्या आवाजात गाठीचा विषय काढील, तेव्हा तिला “वेचणी आटोपली की बघू” असे न म्हणता, “बहुतेक काही नसेल जाऊबाई, पण सोमवारी दोघी जाऊन दाखवून येऊ,” असे म्हणावे.